न मोजलेले तीन वाव पाणी

मी, फ्रोइलान सेओआने, वय एक्केचाळीस, जन्माने स्पेनमधल्या रिबादेओचा, हल्ली मुक्काम स्पेनच्या राजाच्या वेढ्यात सापडलेले अमेरिकेतले कार्ताहेना, बंडवाल्यांच्या तोफनौकेचा कप्तान, पोट रिकामे पण डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. राजीखुशीने लिहितो असे म्हणवत नाही. उद्या दुपारपर्यंत मी उरणार नाही, म्हणून लिहितो.

१. घर पत्नी बालबिनाचे. दारे-खिडक्या चुलीत गेल्या आणि माझे चामडी पट्टे आम्ही उकडून खाल्ले, तेव्हा वाटणीचा तंटा नाही.

२. मला हेर समजून तीनदा झडती घेणाऱ्या नगरसभेला माझे मोडके कुलूप.

३. दुर्बीण तांडेल सेनोनच्या आईला, कारण तो माझ्याबरोबर येतो आहे. पाच वर्षे मला ऐकवतोय, "कप्तान, तुमची मजा आहे. तिकडचे फितूर म्हणून गोळी घालणार, इकडचे स्पेनचा म्हणून!"

४. आता कबुली. राजाच्या नोकरीत असताना या खाडीचा नकाशा मीच काढला. शत्रूचे आरमार आज त्यावरच चालते. उत्तरेच्या टोकाशी मी तीन वाव, म्हणजे अठरा फूट पाणी लिहिले, ते मोजलेच नव्हते. त्या दिवशी माझे लग्न होते. तिथे जेमतेम एक वाव पाणी आणि खाली वाळू आहे. हे फक्त बालबिनाला सांगितले, तेव्हा ती हसली होती. "अहो, एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल हं!"

तो कुणीतरी म्हणजे लोपे ओसामिस, शत्रूच्या आघाडीच्या जहाजाचा कप्तान, माझी लेक निकोलासा हिचा धर्मपिता. तो सगळ्यांना सांगायचा, "फ्रोइलानच्या नकाशावर डोळे मिटून जावं." उद्या माझी उथळ नौका त्या वाळूवरून निघेल, तो पाठलाग करील आणि रुतेल. किल्ल्यावरच्या उरल्यासुरल्या तोफा त्याला फोडतील, त्याच्या तोफा मला. तेवढ्यात बायकापोरांच्या होड्या खाडीच्या दुसऱ्या तोंडाने निसटाव्यात.

बालबिना होडीत बसायला तयार नाही. "जाईन तर तुमच्याबरोबर." मी विचारले, "मग पोरीला कोण धरणार?" तेव्हा ती उठून पोरीचे कपडे गाठोड्यात बांधू लागली.

५. निकोलासाला, वय नऊ, माझी पाणी मोजायची, टोकाला शिसे बांधलेली दोरी. राजाशी केलेल्या बेइमानीची मला लाज नाही. लोपेशी करतोय तिची आहे, आणि ती सोसवत नाही. होडी सुटली, तर बापाच्या शौर्याने वाचलीस असे तिला कुणी सांगू नये. लोपेने माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून ती वाचली. प्रार्थनेत तिने आधी त्याचे नाव घ्यावे, मग जमल्यास माझे.

कार्ताहेना, ३ डिसेंबर १८१५
सही: फ्रोइलान सेओआने
साक्षीदार: सेनोन, तांडेल (अंगठा)
साक्षीदार: फादर हासिन्तो (सही करण्याआधीच आज सकाळी उपासमारीने गेले, जागा त्यांचीच ठेवली आहे)