ग्रेड थ्री

३ फेब्रुवारी
भोईवाड्यातली आमची चाळ मी वाचवणार. नक्की. चाळ पाडून टॉवर बांधायला बिल्डरची माणसं कन्सेंट घेत फिरतायत. चौऱ्याऐंशी खोल्यांपैकी एकोणऐंशींनी सह्या दिल्या म्हणे. म्हणजे पाच जण माझ्या बाजूने. सीमा म्हणाली, त्यातले तिघे गावाला गेलेत. बायको असून असं बोलते.

६ फेब्रुवारी, सकाळी
हेरिटेजचा अर्ज सुरू. चाळ शंभर वर्षांची. सागवानी जिना, बिडाचे खांब. यादीत नाव आलं की वीट हलवायची कुणाची टाप नाही. मी रिटायर्ड हेडक्लार्क. माझ्या मसुद्यांवर साहेब न वाचता सही करायचे.

९ फेब्रुवारी
अर्ज चौदा पानी झाला. विल्फ्रेडला वाचून दाखवला. चाळीमागचं माडीचं कौलारू घर त्याचं, आजोबांपासूनचं. चाळीस वर्षांची दोस्ती. चौथ्या पानावर झोपला. उठल्यावर म्हणाला, जयवंत, तुझी भाषा एकदम जबरी हां.
नंतर नवव्या पानावर त्याच्या घराचाही एक परिच्छेद घातला. अर्जाला वजन येतं. त्याला सांगितलं नाही. सरप्राइज.

१० फेब्रुवारी
अर्ज दिला. शिक्का घेतला.

२७ फेब्रुवारी
विल्फ्रेड केक घेऊन आला. घर विकतोय. त्याच बिल्डरला! बदल्यात लिफ्टवाला फ्लॅट. त्याच्या बायकोचे, कार्मेनचे गुडघे गेलेत, माडीवरून एकेक पायरी बसत बसत उतरते. मी अभिनंदन केलं. मग नववं पान आठवलं. असो. चौदा पानं कोण वाचतं?

१४ मार्च
वाचली. हेरिटेज समितीच्या आर्किटेक्ट आरोही मॅडम पाहणीला आल्या. जिन्यावर टाइल्स. (मी सेक्रेटरी असताना बसवल्या. चांगल्या कंपनीच्या आहेत.) खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या. गॅलरी बंद करून सगळ्यांनी किचन वाढवलेलं, पहिलं आम्ही. मॅडमनी विचारलं, मूळचं काय उरलंय? मी म्हणालो, रहिवासी. त्या हसल्या. चांगलं लक्षण.
मग म्हणाल्या, नवव्या पानावरचं घर कुठे आहे?
तिथे दीड तास होत्या. विल्फ्रेड बाजारात गेला होता. कार्मेनला वाटलं, बिल्डरकडच्या बाई. भाव वाढेल म्हणून तिने प्रत्येक वासा कौतुकाने दाखवला. मी मध्ये बोलणार होतो. योग्य वेळ आली नाही.

२ मे
पत्र आलं. आमची चाळ: वारसामूल्य आढळत नाही. विल्फ्रेडचं घर: ग्रेड थ्री, प्रस्तावित. निर्णय होईपर्यंत पाडायला मनाई. हरकत तीस दिवसांत कळवावी. प्रत विल्फ्रेडला, त्यात अर्जदार म्हणून माझं पूर्ण नाव.
सीमा म्हणाली, जाऊन माफी मागा. उद्या जातो.

५ मे
गेलो नाही. बिल्डरने विल्फ्रेडला कळवलं, यादीतलं घर नको. माझ्या खिडकीखालून विल्फ्रेड गेला. वर पाहिलं नाही.
तत्त्व वगैरे बाजूला ठेवलं आणि बिल्डरच्या ऑफिसात कन्सेंट द्यायला गेलो. ऑफिसातला माणूस म्हणाला, काका, तुमची सही नको. खोली काकूंच्या नावावर आहे, त्यांनी जानेवारीतच दिली. पाणी पिऊन परत आलो.

८ मे
विल्फ्रेड स्वतः आला. भांडेल वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, हरकत तूच लिव. लिव की आमचं घर भंगार हाय. तुला लिवता येतं, मला येत नाय.
हो म्हणालो. यावेळी वीस पानं करणार.

९ मे, सकाळी अकरा
विल्फ्रेडकडे बसलोय. घरातले दोष शोधायला दोन तास फिरलो. वासे सरळ. एक कौल सरकलेलं नाही. दारं अजून बोटाने ढकलली तरी मिटतात. असली सुतारकी आता कोण करतं, असं तोंडातून गेलं.
माडीवरून कार्मेनने विचारलं, झालं काय रे लिवून?
विल्फ्रेडने माझ्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं. म्हणाला, होतंय.