गुणी पोर

पिंपळवंडी,
७ ऑगस्ट २००२

ती. स्व. दादास,
निर्मलाचा शि. सा. न. वि. वि.

एसटीवाल्या गेणभाऊंच्या हाती पाठवलेल्या गोळ्या पोचल्या. जुन्या गोळीच्या जोडीला ही नवी सुरू केल्यापासून श्रेयाला एकही फिट आली नाही. सासूबाईंनी खंडोबाला भंडारा उधळला. पोर गुणी झाली म्हणून गल्लीभर सांगत फिरतात. मास्तरही म्हणाले, आता वर्गात गप्प बसते.

तेच मला बघवत नाही रे. आठ वर्षांची पोर जेवता जेवता पेंगते. शेजारच्या समर्थनं तिच्या ताटातला गूळ उचलला, तर नुसती बघत राहिली. पूर्वी त्याचा कान सोडला नसता. आमच्याकडं मुलगी मुकी झाली तरी गुणीच म्हणतील! फिट नकोच, पण माझी भांडखोर पोरगी कुठं गेली? नवी गोळी बंद करावी असं मनात येतंय. काय करू, लवकर कळव.

तुझी माया आहे म्हणून धीर आहे.
निर्मी


पुणे,
१४ ऑगस्ट २००२

चि. सौ. निर्मलास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या मनानं एकही गोळी थांबवू नकोस, जिवावर बेतेल. डॉक्टरांना तुझं पत्रच वाचून दाखवलं. दोन्ही गोळ्यांनी मिळून सुस्ती येते म्हणाले. जुनी हळूहळू कमी करू, पण एखादी फिट परत येईल, तेवढी आईची तयारी हवी. सोमवारी तिला घेऊन ये.

सासूबाईंना सांग, आमच्या आईनंही गुणी मुलीसाठी नवस केला होता. देव अजून विचार करतोय.

श्रेयाला गोड पापा.
तुझा दादा, गोरक्ष


पिंपळवंडी,
२० डिसेंबर २००२

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जुनी गोळी आता अर्ध्यावर आलीय. काल दुपारी अंगणात श्रेयाला फिट आली. हातातली बोरं सांडली. तिला कुशीवर वळवून बसले होते, तेव्हा वाटलं, माझ्याच हट्टापायी झालं. सासूबाई पदरानं तिचं तोंड पुसत राहिल्या.

मग ती झोपली. संध्याकाळी उठली, रिकामी मूठ बघितली आणि विचारलं, माझी बोरं कुणी खाल्ली? समर्थनं एकच खाल्लं होतं बिचाऱ्यानं. तिनं त्याचा कान धरला. मला रडूच फुटलं.

आता सासूबाई तिला रागावणार असं वाटलं. त्या ओट्यावरूनच म्हणाल्या, सोडू नगं त्याला.

आहे तसाच लोभ राहू दे.
तुझी निर्मी