घाट मागितला होता

सोमवार, सांजवेळ

आजबी सासूबाईनं जाळं त्या व्यायामाच्या मशीनवरच वाळू घातलं. ते मशीन पाहूनच माझं डोकं सणकलं.

ग्रामसभेत आम्ही ढिवर बायांनी तलावाले पक्का घाट मागितला होता. मागच्या पावसात तिथंच चिखलात घसरून सासूबाईचा हात मोडला होता. सगळ्यांनी हात वर केले, ठराव झाला. त्याच घाटाच्या नावावर मी, वार्डाची मेंबर, दारोदार फिरून लोकायले घरटॅक्स भराले लावला. तो पैसा गावच्या दिवाबत्तीतच सरला. अन् वरून आलं काय, तर ओपन जिम! रोज जाळे ओढणाऱ्यायनं आता व्यायाम करावा म्हणते!

भंडाऱ्याच्या जिल्हा परिषदेतल्या साहेबाले विचारलं, तर म्हणे, "मॅडम, निधी जिमच्याच कामाचा होता. वरूनच ठरते."

वरूनच ठरते, तं आमाले हात वर कराले काहून लावता?

सासूबाई म्हणाल्या, "यंदाचा टॅक्स त्या मशीनलेच माग."

उद्या साहेब मशीनचा फोटो काढाले येऊन राहिले. जाळं काढून ठेवा म्हणते. नाही काढत. फोटोत जाळंबी येऊ दे, अन् सासूबाईचा वाकडा हातबी.