बिनखांबी विकणे आहे

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी गॅरेज उघडून जीपचा क्लच उतरवायला बसलो तोच फोन. नागपूरचा कोणी. "गाडी आहे का अजून?" मी म्हटलं, कोणती? इथे चार उभ्या आहेत. तर म्हणाला, "ती अमेरिकन. हार्डटॉप. हिरवी." हातातला पाना सुटला तो थेट पायाच्या अंगठ्यावर. नख काळंनिळं.

मग त्यानेच जाहिरात पाठवली. आपली बिनखांबी! आपलं मागचं शेड, आपला गंजका पत्रा, मागे आपला शेवगा. चारही काचा खाली केलेल्या, म्हणजे पुढच्या-मागच्या खिडकीमध्ये खांब नाही हे लोकांना नीट दिसावं. खाली मजकूर: 'आलापल्ली येथे. मूळ रंग, मूळ इंजिन, उत्तम जतन केलेली. एकच मालक.' आणि फोन नंबर माझा.

एकच मालक, हे खरं आहे. तो मालक राजन्ना, आम्ही नाही, एवढंच.

शेडच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, दुसरी करीम चाचांकडे. मी जाहिरात दिली नाही. मग उरले अठ्ठ्याऐंशी वर्षांचे चाचा, जे बटणाचा फोनसुद्धा उलटा धरतात.

जेवण गेलं नाही. सुनंदाने विचारलं, "काय झालं?" मी नख दाखवलं. बायकोला एवढ्यावर गप्प करता आलं हे नशीब.

५ नोव्हें., बुध.
चाचांकडे गेलो. अंगणात उन्हात बसून चहात पाव बुडवत होते. माझे उस्ताद. विसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली आलो, आज सत्तावन्नचा आहे. गॅरेज आता मी चालवतो, पण गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगायला अजून तेच.

"चाचा, बिनखांबी विकायले काढली का तुमी?"
"हाव."

मी चंद्रपूरला सामान आणायला गेलो होतो त्या दिवशी हे उद्योग. स्टँडजवळच्या बिस्वास मोबाईलवाल्याला (मुलचेऱ्याकडचा) बोलावून फोटो काढवले.

"काऊन पण?"
"विकाची नाई आहे."
"मंग?"
"राजन्नाच्या घरच्यायनं पाहावं म्हणून. चिठ्ठ्या पाठवल्या, वापस आल्या. सिरोंचाच्या ड्रायव्हरायले सांगतलं, पत्ता नाई. पण आपली गाडी दुसराच विकून राह्यला दिसलं का माणूस धावत येते. मले चोर म्हणाले का होईना, येईल न."

सदतीस वर्षांत या माणसाने माझ्याशी एक शब्द खोटा बोललेला नाही, आणि आता सगळ्या दुनियेशी खोटं बोलतोय, ते कशासाठी तर गाडी परत द्यायला.

"नंबर माहा काऊन टाकला?"
"मले ऐकू येत नाई, म्हणून."

एवढंच बोलून पुन्हा पाव बुडवला.

६ नोव्हें.
दिवसभरात सात फोन. हैदराबादचे दोन. एकाला लग्नासाठी भाड्याने पाहिजे.

ठेकेदार राजन्ना, गोदावरीपलीकडचे. सागाच्या लिलावाला आलापल्लीला यायचे. मी गॅरेजात लागलो त्याच वर्षी त्यांचा गिअर अडकला. गाडी टाकून बसने गेले. "आठ दिनों में आता." डॅशच्या खणात त्यांचा चष्मा, तंबाखूची डबी, एक तेलुगू लग्नपत्रिका. अजून तिथेच आहे सगळं. पार्ट मिळाला नाही म्हणून बल्लारपूरला लेथवर पितळी बुश करवून आणला. तो मी बसवला, माझ्या हाताने. पहिलंच मोठं काम.

बाकीचे मिस्त्री वर्षभर वाट पाहतात, मग गाडी भंगारात. चाचा म्हणाले, ज्याच्या हातून घेतली त्याच्या हातात द्यायची, नाहीतर त्याच्या रक्ताच्या. मधे कोणी नाही.

७ नोव्हें., शुक्र.
गा. सुरू, २० मि. आधी पांढरा धूर, मग साफ. तेल ठीक. डावं मागचं चाक ठोकळ्यावर थोडं सरकलंय, नीट केलं.

शुक्रवारी नमाजाआधी हे चुकलेलं नाही. चाकं सागाच्या ठोकळ्यांवर, टायर जमिनीला लागू द्यायचे नाहीत. खालून डिझेल-ऑइलचा बोळा. पावसाळाभर बॉनेटखाली एक बल्ब पेटता, ओल धरू नये म्हणून. वरून ताडपत्री कधीच नाही, ती घाम धरते. चाचीच्या जुन्या सुती साड्या. चाची जाऊन नऊ वर्षं झाली, तिच्या साड्या अजून गाडीच्या अंगावर.

आज चाचा स्टिअरिंगमागे बसले, मी उजवीकडे. (स्टिअरिंग डावीकडे आहे, इतक्या वर्षांनीसुद्धा चुकून त्या दाराकडे जातो.) इंजिन बंद केल्यावर म्हणाले, "डॉक्टरनं काय सांगतलं तुले मालूम आहे. अमानत घेऊन कबरीत जाता येत नाई, मधू. वापसच करा लागते."

मग आणखी एक. अगदी सहज, पंक्चरबद्दल बोलावं तसं. "महिनाअखेरपर्यंत कोणी नाई आलं त तू ठेव. शमीमसमोर लिहून देतो." शमीम म्हणजे त्यांची मुलगी, गोंडपिपरीला असते.

जे आयुष्यभर हवं होतं ते समोर ठेवलं आणि मला घाम फुटला. फोन माझ्या खिशात. राजन्नाचं कोणी बोललंच तर ते मलाच ऐकू येणार. मी सांगितलं नाही, तर चाचांना कधीच कळणार नाही. गाडी माझी.

एकदा असंच केलं होतं, हे ज्याला माहीत आहे असा माणूस या गावात फक्त मी.

९ नोव्हें., रवि.
लिहून टाकतो. आजवर कुठेच लिहिलं नाही.

मी सव्वीसचा होतो. चाचा शमीमच्या सोयरिकीसाठी गोंडपिपरीला गेलेले. दुपारी एक माणूस आला, माझ्याच वयाचा, धुळीने भरलेला. राजन्नांचा मुलगा. मोडक्या हिंदीत म्हणाला, बाप अर्धांगवायूने सहा वर्षं खाटेवर आहे. आता बोलायला लागलाय, तर एकच बोलतो, गाडी. कुठे ठेवली ते सांगता येत नव्हतं, आता आठवलं. हातात पिशवी, तिच्यात नारळ आणि हळदकुंकू. गाडी मिळाली की पूजा करूनच चालवायची म्हणून घरून घेऊन निघालेला.

मी म्हटलं, गाडी भंगारात गेली. दोन वर्षं झाली.

गाडी दहा पावलांवर होती. पत्र्याच्या दाराआड.

तो बाकावर बसला. दोन ग्लास पाणी प्यायला. भांडला नाही. भांडला असता तर मी कदाचित सांगून टाकलं असतं. उठताना नारळ बाकावर ठेवला. "वापस क्या ले जाऊँ." संध्याकाळच्या बसने गेला.

का केलं? सुचलं आणि बोलून गेलो, असं नाही. तो दारात दिसला तेव्हाच ठरलं होतं. आमच्या घरी कोणाकडे सायकलसुद्धा नव्हती आणि दर शुक्रवारी वीस मिनिटं मी त्या गाडीत बसायचो. तेवढ्यासाठी. एका खाटेवरच्या माणसाची गाडी मी तेवढ्यासाठी चोरली.

चाचा परत आले. "नारळ कोणी आणला?" म्हटलं, ट्रकवाल्याने पूजा केली. चाचीने चटणी केली. मीपण खाल्ली.

११ नोव्हें., मंगळ.
नागपूरवाला आला, बिनबोलावता. पांढरे बूट. खाली वाकून चुंबक फिरवला, कुठे लांबी (पुट्टी) भरलीय का पाहायला. कुठेच नाही, पत्रा अस्सल. त्याचं तोंड उघडंच राहिलं. म्हणाला, अशी गाडी जंगलात कशी टिकली? चाचा म्हणाले, "कोणी वापरली नाई म्हणून."

त्याने आकडा सांगितला. मी तो इथे लिहीत नाही, मला भोवळ आली एवढं लिहितो. चाचांनी कानावर हात नेला, "काय म्हणते?" मी ओरडून सांगितला. "याले चहा पाज आणि बसमधी बसवून दे."

तो स्वतःच्या कारने आला होता.

१३ नोव्हें., गुरु.
आला.

दुपारी पावणेदोनला फोन. आंध्राकडचा आवाज, तुटकी हिंदी. "ये गाड़ी... पीछे सीट पे दाएँ तरफ जला हुआ दाग है?" आहे. विडीचा. आठ आण्याच्या नाण्याएवढा. जाहिरातीच्या फोटोत तो दिसत नाही.

मग म्हणाला, "तीस साल पहले मैं आया था उधर. एक आदमी बोला, भंगार में गया. आप कौन बोल रहे?"

मी फोन कापला. आधी कापला की तो हातातून पडला, ते आठवत नाही. पुन्हा घंटी. पुन्हा. चार वेळा. उचलला नाही. तो नंबर बंद करायच्या यादीत टाकला आणि जीपखाली जाऊन पडलो. काम काही नव्हतं.

१४ नोव्हें., शुक्र.
गा. सुरू, २० मि. धूर नाही.

चाचांना शेडपर्यंत यायला तीनदा थांबावं लागलं. आत बसल्यावर विचारलं, "फोन?"

म्हटलं, "येऊन राह्यले. गिऱ्हाइकायचेच." दुसऱ्यांदा खोटं बोललो. त्याच गाडीत बसून, त्यांच्या शेजारी. मला माझाच धक्का बसला. मला वाटत होतं, सव्वीसचा होतो म्हणून तसा वागलो.

चाचा चाचीच्या साडीचं टोक घेऊन आरसा पुसत राहिले. पुसलेलाच होता.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. एकतीस वर्षांचं. भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "तो माणूस जिवंत आहे म्हणून तुमाले चान्स तरी आहे. त्याचा बाप?"

तेवढ्यावर उठून गेली.

१५ नोव्हें., शनि.
नंबर यादीतून काढला, फोन लावला. त्याचं नाव वेंकटेश. तो परत गेल्यावर चार महिन्यांत बाप वारला. शेवटपर्यंत म्हणत होता, मिस्त्री भंगारात देणारा माणूस नाही, तू नीट विचारलं नसशील. मुलगा म्हणे, मी नीटच विचारलं होतं.

सांगितलं की गाडी आहे, चालू आहे, विकायची नाही, तुमची आहे, घेऊन जा. मग, "वो आदमी... जो भंगार बोला था. मालूम है आपको?"

"आइए. बताता हूँ."

उद्या सकाळच्या बसने येतो म्हणाला. साडेदहाला पोचेल.

चाचांना अजून सांगितलेलं नाही. राजन्नाचा मुलगा येतोय हेही नाही, आणि मी काय केलं तेही नाही. एक सांगितलं की दुसरं सांगावंच लागतं. सकाळी सांगेन. ठरलं.

१६ नोव्हें., रवि.
सात वाजता गेलो. रात्रभर मनात वाक्य जुळवत होतो, दारात पोचेपर्यंत सगळी विसरलो. चाचा आधीच धुतलेला सदरा घालून खाटेवर बसलेले. शेडची किल्ली मुठीत.

"चाचा, राजन्नाचा पोरगा येऊन राह्यला. आज. साडेदाच्या बसनं."

डोळे मिटले. ओठ हलले. मी खाली, त्यांच्या पायाशी बसलो. म्हटलं, आता. म्हटलं, "चाचा, अजून एक सांगाचं होतं. तवा तुमी गोंडपिपरीले गेल्ते..."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड नव्हता हात. काही उरलेलंच नाही त्यांच्यात.

"स्टँडवर तूच जा त्याले घ्यायले. आणि जाता जाता एक नारळ घेजो. मांगच्या वेळेस आणला होता त्यानं, तो आपणच खाऊन टाकला."

मी कधीच सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. सुनंदाला परवा सांगितलं, तिने तेव्हापासून या घरी पाऊलही टाकलेलं नाही.

"चाचा, तुमाले कवापासून..."

त्यांनी ऐकू न येणारा कान माझ्याकडे केला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

म्हणजे तेव्हाच कळलं होतं? चटणी खाताना? की कोणी नंतर सांगितलं? मग चिठ्ठ्या कशासाठी, आणि एवढी वर्षं शुक्रवारी मला शेजारी का बसवलं, आणि नंबर माझाच का

गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. चारही टायर जमिनीला लागले. साड्या घडी करून चाचांच्या खाटेवर ठेवल्या. काचा खाली केल्या आहेत, चारही. चाचा ऊन सरकेल तशी खाट सरकवत दाराकडे तोंड करून बसलेत.

दहा वाजून पाच मिनिटं. नारळ घेतला आहे. तो मला ओळखेल का, माहीत नाही. मी त्याला ओळखेन. निघतो.