धवळ्यांना कुलूप

३ ऑक्टोबर १९९९, डोंबिवली

'मांडव' नाही.

काल संध्याकाळी होता. आज सकाळी कॉम्प्युटर लावला, फाइलींची यादी उघडली — सगळ्यात वरची फाइल नाही! बाकीच्या जागच्या जागी. पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यातही पाहिलं. रिकामा. मी पुसली नाही. पुसायच्या बटणाला मी हातही लावत नाही, नासक्या माशाला लावत नाही तसा.

सगुणा चहा ठेवताना म्हणाली, "मशीन आहे, विसरलं असेल." ही बाई वीजबिलांच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते आणि असं बोलते. मशीन विसरत नाही. माणसं विसरतात. आणि चोरतात.

४ ऑक्टोबर

धवळ्यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेचं पहिलं वाक्य झालं: 'आम्हां कोळ्यांत लग्न लावते ती धवळारीण, मांडव घालण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला ती जे गाते ते धवळे.' कोरडं आहे. असू दे.

दुसरं वाक्य जमत नाही. दुसऱ्या वाक्यात आई येते.

आई कोलशेतची धवळारीण. भागीरथी म्हटलं की खाडीकाठच्या बायका आजही अदबीने सरकून जागा करतात. उन्हाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसता वारा येतो. तेव्हापासून आमच्याकडेच आहे. ऑपरेशनच्या आधी ती गात गेली, मी टाइप करत गेलो. टेप लावू दिला नाही — "माजा आवाज डबीत नाय घालाचा." त्यामुळे जे आहे ते या पेटीत. दुसरीकडे कुठेही नाही.

आज तिला म्हटलं, मांडवाचा परत सांग. गाऊ नको, नुसते शब्द सांग. तिने ओठ हलवले, थांबली, पुन्हा हलवले. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"गाल्याबिगर सबूद येत नाय रं."

म्हणजे मांडव गेला!

९ ऑक्टोबर

काळुराम येऊन गेला. विठ्ठलवाडीचा. यानेच हा कॉम्प्युटर जोडून दिला होता. तोंडात पान, बोटं लाल.

"हॅकर हाय सर. हंड्रेड परसेंट. फोनच्या वायरीतून घुसतो."

"मराठीच्या मास्तराकडे कशाला घुसेल?"

"ते त्यालाच मालूम ना सर! पासवर्ड टाका. कुठे लिहू नका. वहिनींना पण बोलू नका."

गेल्यावर माऊस स्पिरिटने पुसला. कीबोर्डच्या फटीत सुपारीचा तुकडा. शिसारी आली. आणि ही शिसारी निदान डोळ्यांना दिसते! तो दुसरा — जो न दिसता आत येतो, माझ्या आईच्या ओळींवरून बोट फिरवतो — त्याला कशाने पुसू?

उरलेल्या सगळ्या फाइली फ्लॉपीवर घेतल्या. फ्लॉपी लोखंडी कपाटात.

१० ऑक्टोबर

पासवर्डचं राहिलं. कंटाळा.

१७ ऑक्टोबर

'चौक' गेला. तांदळाने चौक भरताना म्हणतात तो.

कपाटातून फ्लॉपी काढली. बाकी सगळं आहे, 'चौक' नाही! काळुरामला फोन. "व्हायरस फ्लॉपीत पन जातो सर, आतल्या आत." मागे त्याच्या घरातलं कोणी मोठ्याने हसत होतं. मी फोन ठेवला. मोरीच्या तोंडाशी बसून आतल्या उंदराची वाट पाहावी तसे हे दिवस चालले आहेत.

२० ऑक्टोबर

वर्गात शिकवताना अचानक लक्षात आलं. खडू तसाच हातात राहिला.

आधी मांडव. मग चौक. चोर क्रमाने घेतो आहे! लग्नात ज्या क्रमाने म्हणतात त्याच क्रमाने. उपटसुंभ पोराला हा क्रम कुठून कळणार? हा अभ्यासक आहे.

आमच्या विभागात अभ्यासक एकच. महिपत. देशावरच्या लग्नगीतांवर प्रबंध लिहितो आहे. गणपतीच्या सुमाराला मागे लागला होता — "भोईर, तुमच्या कोळ्यांचं एकदा नजरेखालून घालू द्या की." मी दिलं नाही. पण गेल्या वर्षी त्याने मला काहीतरी दिलं होतं! मराठी फाँटची फ्लॉपी. त्याच फाँटात आईचा शब्द न् शब्द टाइप केला आहे. देताना हसत होता. "घ्या, फुकट घ्या."

फुकट!

२२ ऑक्टोबर

फोनची वायर मोडेमपासून तोडली. आता शिरून दाखव म्हणावं.

३० ऑक्टोबर

'घाणा' गेला, घाणा भरताना म्हणतात तो. वायर तुटलेली असताना!

म्हणजे तो बाहेरून येतच नाही. फ्लॉपीतून त्याने काहीतरी आत सोडलं आहे आणि ते आत बसून खातं आहे. माझ्या टेबलावर, माझ्या विजेवर. दुपारी जेवण गेलं नाही. सगुणाने ताट उचललं. तिला यातलं काहीच वाटत नाही की काय? सासूची विद्या जाते आहे आणि ही भांडी घासताना तोंडातल्या तोंडात पुटपुटते. ऑफिसातली बिलं मोजत असेल.

१ नोव्हेंबर

कॉलेज. स्टाफरूममध्ये चहा आला होता. महिपत बिस्किट बुडवत होता. मी उभा राहून विचारलं — फाँटच्या फ्लॉपीत आणखी काय घातलं होतंत?

आधी कळलंच नाही त्याला. मग मी सगळं सांगितलं. मांडव, चौक, घाणा, क्रम.

"अहो भोईर, मला माझा स्वतःचा ई-मेल उघडत नाही. मी तुमच्या घरात फोनच्या तारेतून शिरू? पोट बघितलंय का माझं?"

सगळे हसले. मी हसलो नाही. म्हटलं, चोर असंच बोलतो.

हसणं बंद झालं. त्याने बिस्किट बशीत ठेवलं. "धवळे गेले असतील तर फार वाईट झालं. मी हे मनापासून म्हणतोय. पण मला चोर म्हणालात ते चारचौघांत म्हणालात, एवढं ध्यानात ठेवा."

चहा तसाच टाकून गेला. बशीत विरघळलेलं बिस्किट.

९ नोव्हेंबर

दिवाळी. कोलशेतहून चुलतभाऊ भिवा आला. मालूचं, त्याच्या मुलीचं, लग्न ठरलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. आईच्या पाया पडला.

"काकी, तू निस्ती येऊन बस. तुजा पाय मांडवाला लागला म्हंजे झाला. बाकी बँड हाय."

आईने मान हलवली. नाही. बँड नाही.

"मंग बोलंल कोन? दुसरी धवलारीन ऱ्हायली कुठं आपल्यात?" मग चिवड्याचा बकाणा भरून सगुणाकडे पाहत हसला. "वयनीला बसवा मांडवात! बिलं वाटण्यापरीस बरा!"

मी म्हटलं, प्राध्यापकाची बायको मांडवात बसून गाणार? कॉलेजात तोंड दाखवायला जागा राहील का? धवळे पुस्तकात येणार आहेत, तिथेच शोभतील.

सगुणाने भिवाच्या बशीत आणखी चिवडा घातला. आईने माझ्याकडे पाहिलं — बराच वेळ. मला वाटलं तिला काही हवं आहे. पाणी दिलं. घेतलं नाही.

१५ नोव्हेंबर

'देवांचं बोलावणं' गेलं.

२१ नोव्हेंबर

'हळद' गेली. लांबलचक 'हळद'! आईला ती म्हणायला अख्खी सकाळ लागली होती. मधलाच एक शब्द पुन्हा विचारला की ती परत पहिल्या ओळीपासून सुरू करायची. मधून येत नाही, म्हणायची, पाण्यात मधून उतरता येत नाही.

एकच उरला. 'पाठवणी'.

पुस्तक संपलं. एका धवळ्याचं पुस्तक होत नाही. पण हा एक मी देणार नाही. फ्लॉपी मोडून टाकली, म्हणजे एकच प्रत, एकच जागा, एकच दार. त्या दाराला आज पासवर्ड घातला.

२२ नोव्हेंबर

पासवर्ड बदलला. कालचा सोपा होता. कोणीही माझ्या जागी बसून विचार केला तर सापडेल असा.

२४ नोव्हेंबर

पुन्हा बदलला. आता लांब आहे, वाकडातिकडा आहे, त्याला अर्थ नाही. अर्थ असलेलं सगळं शोधून काढता येतं. कुठेही लिहिलेला नाही. या पानांवरही नाही.

२६ नोव्हेंबर

अजून आहे! रोज उघडून पाहतो. पाच दिवस झाले, हात लागलेला नाही. हरला.

सगुणा विचारत होती, "ती शेवटची उघडत नाही, काही केलंत का?" म्हटलं, तुला कशाला उघडायची होती? "धूळ पुसत होते, सहज." आईजवळ जाऊन बसली. दोघी किती तरी वेळ तशाच बसल्या होत्या.

२८ नोव्हेंबर

पासवर्ड पुन्हा बदलला. खबरदारी. आता उघडूनही पाहायचं नाही. पाहताना बोटं पाहणारा कोणी असू शकतो. आता घरातल्या भिंतींचीही किळस येते.

५ डिसेंबर, कोलशेत

लिहावं की नको. लिहितो.

काल मांडव घालायच्या वेळी आईला पाटावर बसवलं. तिच्या शेजारी सगुणा जाऊन बसली. वाटलं आधाराला बसली. बायका दाटीवाटीने गोळा झाल्या. आईने सगुणाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आणि सगुणाने 'मांडव' म्हणायला सुरुवात केली.

अक्षर न् अक्षर. टाइप करताना मी जिथे स्वल्पविराम घातला होता, तिथे ती श्वास घेत होती! आईने तिथे कधी श्वास घेतला नव्हता. ते विराम माझे आहेत.

मग चौक. मग घाणा. मग देवांचं बोलावणं, हळद. आवाज साधा, जरा घोगरा. एक ओळ चुकली नाही. म्हाताऱ्या बायका रडत होत्या. आई नुसती बोटाने तिच्या गुडघ्यावर ताल धरून. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा. कोणी विचारलं, "सर, वयनी कवा शिकली?"

आज पाठवणी. मालू उंबऱ्यात उभी. सगळ्या सगुणाकडे पाहायला लागल्या. सगुणाने तोंड उघडलं, मिटलं. डोक्यावरचा पदर सारखा करत राहिली. तेव्हा आईने स्वतः तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. वारा आला. नुसता वारा. मालू वाट पाहत होती. धवळा झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही म्हणून तशीच उभी होती, तिचा नवरा तिच्या कोपराला धरून.

शेवटी भिवाने बँडवाल्यांना हात केला. सिनेमाचं गाणं. मालू त्या गाण्यावर घराबाहेर गेली.

६ डिसेंबर, डोंबिवली

सगुणा सांगत होती.

"आईंची अट होती. त्यांच्या धवळारणीने त्यांना घातलेली. तोंडात आला की दुसरीकडे ठेवायचा नाही, नाहीतर तोंडात राहत नाही. त्यांना गाता येत नव्हतं म्हणून पडद्यावरचं पाठ करत होते. चाल त्या बोटांनी दाखवायच्या. एक पाठ झाला की एक पुसायचा. मला काय आनंद होत होता?"

"मला का नाही सांगितलंस?"

"भिवाभाऊजींपुढे काय म्हणालात?"

मी खिडकीकडे पाहिलं.

"शेवटचा उघडेना. ऑफिसातून आले की बसायचे. तुमचं नाव घालून पाहिलं. गावाचं घातलं, आईंचं घातलं. पुस्तकाचं घातलं."

"तुझं घातलंस?"

"ते तुम्ही ठेवणार नाही, हे माहीत होतं."

मग म्हणाली, मालू चार दिवसांनी माहेरी येते आहे. परत जाताना तिला उंबऱ्यात उभं करून तो एक म्हणणार आहे. तसा शब्द दिला आहे. तेवढ्यात पाठ होईल.

"उद्या सकाळी उघडून द्या."

देतो म्हटलं. महिपतच्या बशीतलं ते बिस्किट आठवलं. स्वतःच्या तोंडाला वास येतो आहे असं वाटत राहिलं. दात घासले. गेला नाही.

७ डिसेंबर

सकाळी सगुणा खुर्ची ओढून शेजारी बसली. आई मागे उभी राहिली. मी बोटं ठेवली.

आठवत नाही.