चावडीपुढचा खोकला

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ एप्रिल २०२५

ती. गणपतीमामास,
दीक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या वाडीत रेंज नाही आणि तुम्हाला फोनवर ओरडायला आवडत नाही, म्हणून हे पत्र. सोबत पेनड्राइव्ह आहे. माझी आवडती गाणी भरलीत: कव्वाल्या, रॅप आणि तुम्हीच गायलेली भीमगीतं.

एक गंमत सांगते. कॉलेजात मी समतेचा हक्क शिकवते, इतक्या आवेशानं की मागच्या बाकावरची मुलं दचकून जागी होतात. खोलीवर मात्र भीमगीतं ऐकते ती इअरफोन घालून. घरमालकीणबाईंनी विचारलं, मान डोलावत काय ऐकत असता? तुमची शूर भाची म्हणाली, अभंग. त्या खूश झाल्या, एकादशीची खिचडी देऊन गेल्या. मी ती खाल्लीही.

लोभ असू द्या, लायकी पाहू नका.
तुमची दीक्षा

वाडी, ता. शाहूवाडी
२० एप्रिल २०२५

चि. दीक्षा हिस,
मामाचा जयभीम आणि अ. आ.

गाणी पोचली. रॅपवाली पोरं गात्यात का भांडत्यात, तुझ्या मामीला कळंना; ती सोडवायला उठली. मला आवडलं. धाप न लागता एवढं सुनावायचं म्हंजे छाती पायजे.

क्रांतीचं लग्न पुढच्या महिन्यात हाय. आपल्या वस्तीची वरात चावडीपुढं आली की वाजाप बंद होतं, तुला ठाऊकच हाय. तसा नियम कुठं लिवलेला न्हाई. फक्त तिथं आलं की मला खोकला येतो आणि पेटी थांबते. लेकीला आजवर वाटायचं, बापाला दमा हाय. आता तिला सगळं कळलंय. ती म्हणती, गाणं थांबलं तर मी ट्रॅक्टरवरनं उतरून तिथंच बसणार. सरपंच येऊन म्हणाले, गणपतराव, उगं कशाला? मी म्हणलं, व्हय की. क्रांतीलाबी म्हणलं, व्हय की. मामीनं विचारलं, नक्की कुणाला व्हय? तवापासनं जेवताना मी मान वर करत न्हाई.

लग्नाला ये. धाडस असंल तर थोडं घेऊन ये, इथं तुटवडा हाय.
आशीर्वाद कमी पडले तर कळव.
मामा

वाडी
१५ मे २०२५

चि. दीक्षा हिस, अ. आ.

लग्न लागल्या लागल्या तू पेपराच्या ड्युटीला पळालीस, वरात हुकली. तर ऐक.

चावडीपुढं दांडगी पोरं आडवी आली. स्पीकरवाला परगावचा, त्यानं घाबरून मशीनच बंद केलं. सगळं गप. मला खोकला आला. तोवर क्रांती खाली उतरली आणि स्वतःच गायला लागली. पोरगी माझी हाय, पण काय सांगू, इतकं बेसूर की कट्ट्यावरची म्हातारी कळवळली. बाबासाहेबांचं गाणं आणि असला सूर, मला सोसवंना. पेटी गळ्यात होतीच. तिला पट्टी दिली आणि वरच्या सुरात उचललं. मग अख्खी वस्ती गायली. आता लोक म्हणत्यात, गणपती शूर. मी आपला सूर दुरुस्त करायला गेलतो.

शिव्या खाल्ल्या, पर वरात पुढं गेली. दुसऱ्या दिवसापासनं गावातली डेअरी वस्तीचं दूध घेत न्हाई. आम्ही ठाण्यात तक्रार दिलीय. सही करायला पेन उचललं आणि मला खोकला आला, तर माहेरी आलेली क्रांती म्हणाली, बाबा, आता खोकू नका. तोवर घरात दहीच दही.

माया हाय, ती नासत न्हाई.
मामा

कोल्हापूर
२५ मे २०२५

ती. मामास,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचलं आणि इअरफोन काढून तुमचं गाणं मोठ्यानं लावलं. बाई वर येणार, म्हणून भाषण तयार ठेवलं होतं, कलमांसकट. त्या आल्या आणि मला एकही कलम आठवेना. एवढंच म्हणाले की हे अभंग नाहीत, हे आमचं गाणं, माझा मामा गातोय. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मामांचा आवाज छान आहे, म्हणाल्या. मग म्हणाल्या, पुढच्या महिन्यात खोली सोडा.

रडले, खोटं कशाला सांगू. शनिवारी येते; तक्रारीचं काय झालं ते विचारायला ठाण्यात सोबत जाऊ. मी तिथंही कलमं विसरेन, क्रांतीला बरोबर घेऊ.

खोल्या शोधतेय. आता फाटकातच सांगून टाकते: नाव, गाव आणि कोणती गाणी लावते. नकार खालीच मिळतो, वरपर्यंत चढायचं वाचतं. काल मात्र सगळं ऐकून एक आजी म्हणाल्या, अगं, वर ये, खोली तरी बघ. जिना चढायची सवयच गेली होती. मधे एकदा थांबले, पण वर जाऊन खोली बघून आले.

लोभ आहेच, आवाज चढवलात तसा तोही चढता ठेवा.
तुमची
दीक्षा