साईट बंद आहे

प्रिय नात मित्रा,

जयभीम. बोलतेय मी, लिहितंय दुसरंच कोणीतरी. अक्षर ओळखलंस तरी तोंड मिटून पुढे वाच. कोण ते मी माझ्या वेळेला सांगेन. मला अक्षर येत नाही म्हणून माझं कधी अडलं नाही गं. दुसऱ्याच्या हाताने लिहिलं आणि स्वतःच्या तोंडाने भांडले.

तू फोनवर म्हणालीस, आजी, आपल्या चाळीचे मी काढलेले फोटो इंटरनेटवर लागले, घरात सगळ्यांनी बघा. मग आवाज बारीक करून विचारलंस, पप्पा बघतील का? बँकेतली नोकरी सोडून तू अहमदाबादला फोटो काढणं शिकायला गेलीस, तेव्हापासून तो तुझ्याशी बोलत नाही. तुझा फोन आला की गॅलरीत कपडे वाळत घालायला जातो, बादलीत कपडे नसले तरी. म्हणून मी म्हटलं, बघेल, मी दाखवते त्याला. आता आजीने शब्द दिला म्हणजे दिला.

संध्याकाळी तुझ्या बापाला म्हटलं, प्रफुल्ल, पोरीचे फोटो लाव. त्याने मोबाईल असा हलवला, तसा हलवला आणि म्हणाला, आई, साईट बंद आहे. आता तूच सांग, नायगावची चाळ पाडून तिथे टॉवर बांधतायत, आपण वडाळ्याला भाड्याच्या घरात दिवस काढतोय, अशा बाईला साईट म्हटल्यावर काय कळणार? मला वाटलं, बांधकामाची साईट. राधाबाईला फोन लावला, काम थांबलं गं! तिला सांगणं म्हणजे गिरणीचा भोंगा वाजवणं. माटुंग्यापासून शिवडीपर्यंत जिथे जिथे आपले चाळकरी पांगलेत, तिथे तिथे बोंब झाली. तिचा दीर धोंडू भरल्या ताटावरून उठून नायगावला पळाला. बघतो तर क्रेन आपली गरागरा फिरतेय! तिथून त्याने मला ज्या शिव्या दिल्या, त्या लिहायला लिहिणारा तयार नाही.

राधाबाई वर मला म्हणते, अगं, मित्राची साईट कुठे बंद आहे? आम्ही सकाळीच बघितली, नळावर भांडतानाचा तुझा फोटो काय झकास आलाय! म्हणजे सगळ्या चाळीने मला बघितलं, मी सोडून. समोरची दीपिका म्हणाली, माझ्या घरी या, दाखवते. म्हटलं, नाही. टीव्ही मी अर्धं आयुष्य लोकांच्या दारात उभी राहून बघितला. नातीचे फोटो माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून बघणार.

मग ती बिचारी फोन घेऊन आली. तिच्या फोनच्या नेटवर साईट फटकन उघडली. परक्या नेटवर बघायचं नाही म्हणून मी डोळे गच्च मिटून घेतले. त्याच फोनला आपला वायफाय जोडला, तर कोरं पान आणि नुसतं चाक फिरतंय. बातम्या लागतात, गाणी लागतात, तुझीच तेवढी लागत नाही. वायफायची पेटी बंद करून चालू केली. वायर काढली, फुंकर मारून परत खोचली. लाइनवाल्याला बोलावलं, तो म्हणाला लाइन एकदम ओके.

मग मी खुर्चीत बसून विचार केला. आपल्या चाळीत दिवसा कोणी दार लावत नव्हतं, नुसता पडदा असायचा. भरदिवसा कुणाचं दार बंद दिसलं, तर आपण काय बिजागरी तपासत होतो? समजायचो, आत काहीतरी बिनसलंय, कडी आतून आहे. दीपिकाला विचारलं, या पेटीला एकट्या मित्रापुरती आतून कडी लावता येते का गं? ती म्हणाली, येते आजी, पण पासवर्ड लागतो. आणि पासवर्ड कुणाकडे? तुझ्या बापाकडे.

मी उठले. वायर उपटली, पेटी मांडीवर घेतली, वरून पदर घेतला. तो कामावरून आला, मॅच लागेना. म्हटलं, आधी कडी काढ. त्याने चहा करून दिला. चहा घेतला, पेटी नाही दिली. शेवटी मान खाली घालून काढली त्याने कडी.

पहिलाच फोटो त्याचा. रिकामी खोली, पाडायला दिलेली, आणि हा बाबा तिला कुलूप लावतोय! कपाळ दाराला टेकलेलं, डोळे वाहतायत. मला म्हणाला, आई, पोरीने मला रडताना टिपलं, तू बघू नयेस म्हणून बंद केलं. अरे येड्या, म्हटलं, मी आई ना तुझी? तू माझ्याकडे आलास तोच रडत रडत.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर त्याच्या तोंडून निघत नाही. म्हणून कागद मागवला आणि पेन त्याच्याच हातात दिलं. होय, तोच लिहितोय. स्वतःवरचे टोमणे स्वतःच लिहिले बिचाऱ्याने. आता हे लिही रे. पप्पांनी बघितलं. रोज बघतो, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. आधी राग आला, मग दुसऱ्या दिवशी परत उघडला. कुलपाचा फोटो चांगला आलाय बाळा. किल्ली अजून खिशातच आहे. सुट्टी मिळाली की ये. मी दोनच शब्द सांगितले होते गं, पेन मात्र केव्हाचं चालतंय. काय लिहिलंस विचारलं तर म्हणतो, काही नाही. मला कुठे वाचता येतंय? तू वाच.

तुझीच,
कौसल्या आजी
(अंगठा माझा. ओला डाग कुणाचा ते विचारू नको.)